एक हजार तीन पडद्यांचा पाठ

साहित्याच्या अभ्यासकाला माध्यमाचा विसर पडणे स्वाभाविक आहे. कादंबरी वाचताना आपण कागदाची जाडी, शाईचा दर्जा किंवा टंकाचा आकार यांचा विचार करीत नाही. आणि करावा लागला, तर मुद्रकाचे काहीतरी बिनसले असे समजतो. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निराळ्या कागदावर निघाली म्हणून कृती बदलली, असे कोणी म्हणत नाही. हा विश्वास आपल्या परंपरेत जुना आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न शब्दांचा होता. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून मूळ ओवी पुन्हा उभी करायची, हे ते काम होते. ती ओवी कोणत्या बाडात आणि कोणत्या शाईने उतरते, हा प्रश्न गौण होता.

सार्वजनिक जागी विजेच्या प्रकाशाने लिहिल्या जाणाऱ्या मजकुराचा इतिहास पाहू लागलो की मात्र हा विश्वास डळमळू लागतो. आज दुकानांच्या दर्शनी भागात, विमानतळांवर, मॉलमध्ये आणि रेल्वे स्थानकांवर जाहिराती व सूचना दाखवणाऱ्या पडद्यांच्या भिंती असतात. त्यांच्यासाठी कोणती उपकरणे निवडावीत, हा प्रश्न सहसा खरेदी विभागाचा आणि कंत्राटदाराचा मानला जातो. किती अंतरावरून पाहायचे, प्रकाश किती लागेल, दिवसाचे किती तास चालवायचे, किंमत किती, एवढ्यात तो संपतो. दक्षिण कोरियातील एका संग्रहालयात मात्र हाच प्रश्न २०१८ ते २०२२ या काळात कलाकृतीच्या पाठनिश्चितीचा प्रश्न झाला. त्या प्रकरणाचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करावा, असे मला वाटते. त्यासाठी आधी थोडे मागे जायला हवे.

६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमधील टाइम्स टॉवरभोवती बसवलेली बातम्यांची विद्युतपट्टी सुरू झाली. त्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि हर्बर्ट हूवर यांच्या विजयाची बातमी लोकांनी रस्त्यात उभे राहून वाचली. सुमारे ३८० फूट लांबीच्या या पट्टीत सुमारे १४,८०० दिवे होते. तिची यंत्रणा साहित्याच्या माणसाला ओळखीची वाटेल. इमारतीच्या आत कर्मचारी सुटी अक्षरे चौकटीत जुळवीत, जशी छापखान्यात खिळ्यांची जुळणी होते तशी. या चौकटी साखळीवरून सरकत जात आणि अक्षरांच्या स्पर्शाने विद्युतसंपर्क होऊन बाहेरचे दिवे लागत व विझत. प्रत्येक दिवा जागच्या जागी होता. चालताना दिसत होते ते वाक्य. पुढे १९९० च्या दशकात या पट्टीच्या जागी एलईडी आले. त्यामुळे एखादी बातमी अर्थाने बदलली, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. शब्द दिव्यांवरून डायोडांवर निघून गेले, एकनाथांची ओवी एका बाडातून दुसऱ्या बाडात जावी तसे.

म्हणजे साधन बदलले तरी शब्द तसाच राहतो काय? पूर्णपणे नाही, आणि याचा दाखला आपल्या लिपीतच आहे. ठिपक्यांच्या फलकावर रोमन अक्षर पाच उभ्या आणि सात आडव्या ओळींत बसवता येते. त्या लिपीसाठी हा आकार सर्रास वापरला गेला. देवनागरीला तो पुरत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरांची गर्दी, हे सारे सात ओळींत कोंबले तर ‘कि’ आणि ‘की’ यांत फरक उरत नाही आणि जोडाक्षर नुसता डाग होते. सुवाच्य देवनागरीला याच्या दुपटीहून अधिक ओळी लागतात. म्हणून कमी ठिपक्यांचा स्वस्त फलक निवडणाऱ्याने, त्याच्या मनात असो वा नसो, लिपीही निवडलेली असते. ही निवड निविदेत लिहिलेली नसते. ती वाचणाऱ्याच्या वाट्याला येते.

अक्षरांकडून आता चित्रांकडे वळू. हलते चित्र उघड्यावर, भर दिवसा, हजारो माणसांना दाखवायचे तर साधा दूरचित्रवाणी संच अपुरा पडतो. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये मित्सुबिशी कंपनीचा ‘डायमंड व्हिजन’ हा महापट बसला. १९८५ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील जागतिक प्रदर्शनात सोनीने ४० मीटर रुंद आणि २५ मीटर उंच असा ‘जंबोट्रॉन’ उभा केला. या दोहोंतही प्रकाश देणारे घटक म्हणजे लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या लहान लहान कॅथोड किरण नळ्याच होत्या. कारण पुरेसा तेजस्वी निळा प्रकाश देणारा डायोड तेव्हा उपलब्ध नव्हता. लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच दाखवला होता. निळ्यासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत थांबावे लागले, आणि त्या कामाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढा मोठा पट ज्यांना परवडत नव्हता, त्यांनी दुसरा मार्ग काढला. नेहमीचे दूरचित्रवाणी संच एकावर एक रचून भिंत करायची आणि एकच चित्र त्यांच्यावर विभागून दाखवायचे. दुकानांत आणि व्यापारी प्रदर्शनांत १९८० च्या दशकात अशा भिंती दिसू लागल्या. त्यांचा मोठा दोष म्हणजे दोन संचांमधील चौकट. जाहिरातीतील चेहऱ्यावर काळ्या रेघांची जाळी पडे. त्यानंतरच्या व्यापारी व्हिडिओ-भिंतींचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही रेघ बारीक करत नेण्याचा इतिहास आहे. एलसीडी पटलांनी ती काही मिलिमीटरांवर आणली. एलईडी मॉड्यूलांनी ती जवळजवळ नाहीशी केली. बाजाराच्या दृष्टीने यात वादाला जागा नाही. रेघ हा दोष, आणि ती जाणे ही प्रगती.

आता ग्वाचॉनच्या प्रकरणाकडे येता येईल. नाम जून पाइक यांचा जन्म १९३२ मध्ये सोलमध्ये झाला. टोकियो विद्यापीठात सौंदर्यशास्त्राचे शिक्षण घेऊन ते जर्मनीला गेले, आणि १९६३ मध्ये वुपर्टाल येथील पार्नास कलादालनात त्यांनी मुद्दाम बिघडवलेले, वळवलेले दूरचित्रवाणी संच मांडून पहिले स्वतंत्र प्रदर्शन केले. व्हिडिओकलेचा इतिहास बहुधा तेथून सुरू केला जातो. १९६५ च्या ‘मॅग्नेट टीव्ही’ या कृतीत त्यांनी संचाच्या माथ्यावर एक मोठे लोहचुंबक ठेवले. चुंबकाच्या ओढीने नळीतील इलेक्ट्रॉनचा झोत वाकतो आणि पडद्यावर प्रकाशाची एक आकृती उमटते. चुंबक हलवले की आकृती हलते. हीच कृती एलसीडी पटलावर करता येत नाही, कारण तेथे वाकवायला झोतच नसतो. येथे साधन आणि कृती यांच्यात फट नाही.

१९८८ मध्ये सोलला ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. त्या निमित्ताने सोलजवळच्या ग्वाचॉन येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासाठी पाइक यांनी एक मनोरा उभारला. संग्रहालयाची इमारत १९८६ मध्ये उघडली होती, आणि तिच्या मध्यभागी वळत वर जाणाऱ्या उतरणीच्या पोकळीत हा १८.५ मीटर उंचीचा मनोरा बसला. रचनेचे काम वास्तुविशारद किम वॉन यांनी केले, संच सॅमसंग कंपनीने दिले आणि जोडणी ली जाँग-साँग या तंत्रज्ञाने केली. हे ली कलाक्षेत्रातले नव्हते. व्यापारी प्रदर्शनात सॅमसंगसाठी दूरचित्रवाणी संचांची भिंत उभारण्याचे काम त्यांनी केले होते आणि त्या कामगिरीमुळेच ते पाइक यांच्या नजरेत आले. म्हणजे या कलाकृतीची कारागिरी थेट बाजारातल्या व्हिडिओ-भिंतीतून आलेली आहे. १५ सप्टेंबर १९८८ रोजी, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, मनोरा सुरू झाला.

मनोऱ्याचे नाव ‘दादाइक्सॉन’, म्हणजे ‘जितके अधिक तितके चांगले’. हा मूळचा चिनी वाक्प्रचार इतिहासकार स्सु-मा च्येन याच्या ग्रंथातील एका प्रसंगातून आला आहे. हान घराण्याचा संस्थापक आपला सेनापती हान शिन याला विचारतो, की मी किती सैन्याचे नेतृत्व करू शकेन. सेनापती एक मर्यादित आकडा सांगतो. मग तू किती, या प्रश्नावर तो म्हणतो, की माझे म्हणाल तर जितके अधिक तितके बरे. पाइक यांनी या सैन्याचा आकडा ठरवला तो १,००३. कोरियात ३ ऑक्टोबर हा राष्ट्रस्थापना दिन मानला जातो, आणि दहावा महिना व तिसरा दिवस या संख्येत गुंफलेला आहे. नावातला शब्दखेळ आणि संख्येतला संकेत पाहता ही कृती दृश्यकलेइतकीच वाङ्मयीनही आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

दूरचित्रवाणी संच हे दीर्घायुषी साधन नव्हे. नळीतील कॅथोड झिजतो, फॉस्फरचा थर मंदावतो, जोडण्या उष्णतेने ठिसूळ होतात. घरातला संच संध्याकाळी काही तास चालतो, संग्रहालयातला दिवसभर. वारंवार दुरुस्त्या होत राहिल्या आणि २००३ मध्ये सारे पडदे बदलण्यात आले. पाइक तेव्हा हयात होते. त्यांचे निधन २००६ मध्ये झाले. जुने संच गेले, नवे आले, तेही कॅथोड नळ्यांचेच. तोवर बाजारात नळ्यांचे संच सहज मिळत होते, त्यामुळे या बदलातून तात्त्विक प्रश्न उभा राहिला नाही. पुढील काही वर्षांत सपाट पटलांनी बाजार व्यापला, मोठ्या कंपन्यांनी नळ्यांचे उत्पादन थांबवले आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. जुनी विद्युतयंत्रणा धोकादायक ठरू लागल्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये मनोरा बंद करण्यात आला.

आता पर्याय काय होते? पहिला पर्याय, सारे पडदे काढून एलईडी किंवा एलसीडी लावावेत. याच्या बाजूने सबळ युक्तिवाद होता. पाइक हे तंत्रज्ञानाच्या पुढे पाहणारे कलावंत होते. बिघडलेले संच बदलून नवे लावण्यास त्यांची हरकत नव्हती, अशी त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांची साक्ष आहे. मग जुन्या नळ्यांना कवटाळणे हीच त्यांच्या वृत्तीशी प्रतारणा नव्हे काय? दुसरा पर्याय, नळ्याच शोधाव्यात, जुन्या बाजारातून मिळतील तेथून आणाव्यात आणि जोवर चालतील तोवर चालवाव्यात. तिसरा पर्याय सर्वांत कठोर होता. कृतीचे आयुष्य संपले असे मानून मनोरा विझलेलाच ठेवावा किंवा उतरवावा.

सप्टेंबर २०१९ मध्ये संग्रहालयाने निर्णय जाहीर केला. शक्य तेथे कॅथोड नळ्या टिकवायच्या. जेथे त्या मिळतच नाहीत, तेथेच नवे तंत्र वापरायचे. त्यानुसार ७३७ संच दुरुस्त करून किंवा वापरलेले संच व सुटे भाग मिळवून पुन्हा उभे केले गेले. मनोऱ्याच्या वरच्या भागातील ६ व १० इंची असे २६६ लहान संच मात्र मिळण्यासारखे नव्हते. त्यांच्या जागी, बाह्यरूप शक्य तितके जपून, एलसीडी पटले बसवण्यात आली. उष्णता कमी करण्यासाठी थंडाव्याची यंत्रणा सुधारली गेली आणि मनोऱ्यावर दिसणाऱ्या ८ व्हिडिओकृतींचे डिजिटल रूपांतर करण्यात आले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी, पहिल्या उद्घाटनाला बरोबर चौतीस वर्षे झाली तेव्हा, मनोरा पुन्हा लोकांसाठी उजळला. आयुष्य वाढावे म्हणून त्याचे चालण्याचे तास मर्यादित ठेवण्यात आले.

हा निर्णय तडजोडीचा आहे, आणि त्याच्या विसंगती सहज दाखवता येतात. जे ७३७ संच ‘मूळ’ म्हणून जपले, त्यांत १९८८ चे नव्हतेच. ते २००३ नंतरचे होते. म्हणजे जपली गेली ती वस्तू नव्हे, वस्तूची जात. जात हाच निकष मानला तर २६६ जागी तो मोडला आहे. आणि पाइक यांची अनुज्ञा हाच निकष मानला तर नळ्यांसाठी एवढा आटापिटा करण्याचे कारण उरत नाही. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो.

त्याचे मुख्य कारण त्या १,००३ या आकड्यात आहे. बाजाराने जी काळी रेघ दोष ठरवली, तिच्यावाचून हा आकडा अर्थहीन होतो. एक अखंड, रेघविरहित एलईडी पट मनोऱ्याभोवती गुंडाळला असता, तर चित्र अधिक तेजस्वी व सलग दिसले असते. पण मोजायला काही उरले नसते. सैन्य मोजता येते ते सैनिक वेगवेगळे उभे असतात म्हणून. प्रत्येक संचाला स्वतःचे खोके, स्वतःची फुगीर काच आणि स्वतःची चौकट आहे. घराघरांत असलेली ही वस्तू हजाराच्या संख्येने एकत्र आली आहे, हे पाहणाऱ्याला कळते म्हणून नावातला ‘अधिक’ हा शब्द अर्थ देतो. लहान संचांच्या जागी एलसीडी आली तेव्हा प्रकाशाची जात बदलली, पण एकेकटेपण आणि संख्या राहिली. संपादकाला हस्तलिखितातील झिजलेला शब्द सापडला नाही, तर तो कंसात संभाव्य पाठ देतो. ओवीचे चरण मात्र चारच ठेवतो. संग्रहालयाने जवळपास हेच केले.

याच्या तुलनेसाठी लास व्हेगासमधील फ्रीमाँट रस्त्यावरचे छत पाहावे. १९९५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्यात सुमारे २१ लाख तापदीप दिवे होते. २००४ मध्ये त्यांच्या जागी सुमारे सव्वा कोटी एलईडी आले आणि २०१९ मध्ये ती यंत्रणाही बदलून अधिक तेजस्वी पट बसवण्यात आला. प्रत्येक वेळी जुने गेले याची खंत फारशी कोणाला वाटली नसावी, आणि त्यात काही गैरही नाही. त्या छताचे प्रयोजन रोषणाई आणि गिऱ्हाईक हे होते, आणि ते नव्या साधनाने अधिक चांगले साधते. दुसरे टोक जेनी होल्झर यांच्या कामात दिसते. १९८२ मध्ये त्यांची ‘ट्रुइझम्स’ ही सूत्ररूप वाक्ये टाइम्स स्क्वेअरमधील जाहिरातींच्या विद्युतफलकावर झळकली; १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या सर्पिल कठड्यावरून त्यांचे शब्द एलईडीतून फिरले; २०२४ मध्ये तेथेच ती मांडणी नव्या साधनांनी आणखी वरपर्यंत विस्तारली. होल्झर यांची कृती वाक्यात आहे. फलकाची भाषा, म्हणजे हुकमी, निर्लेप, सरकती, ही त्या वाक्याला हवी. पण अमुकच दिवा हवा असे नाही.

मॅग्नेट टीव्ही, दादाइक्सॉन, होल्झर यांचे फलक आणि फ्रीमाँटचे छत, या चारही ठिकाणी ‘कोणता पडदा घ्यावा’ हा एकच प्रश्न आला, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे निघाले, कारण प्रत्येक कृतीचे वास्तव्य वेगळ्या जागी आहे. एकीचे झोतात, दुसरीचे संख्येत, तिसरीचे वाक्यात, चौथीचे केवळ झगमगाटात. आधी ही जागा निश्चित केल्यावाचून उपकरणांची चर्चा करणे म्हणजे पाठ न ठरवता कागद खरेदी करणे होय.

हे केवळ संग्रहालयांपुरते नाही. आज एखादे ग्रंथालय, विद्यापीठ किंवा नाट्यगृह दर्शनी भागात पडद्यांची भिंत लावायचे ठरवते तेव्हा विक्रेता दोन दिव्यांमधील अंतर मिलिमीटरांत सांगतो. ढोबळ नियम असा की हे अंतर जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर दूर उभे राहिल्यावर चित्र नीट जुळून येते. तेजस्विता ‘निट’ या एककात सांगितली जाते. सावलीतल्या पटलाला काहीशे पुरतात, उन्हातल्याला काही हजार लागतात. हे आकडे आवश्यकच आहेत. पण त्यांच्यासोबत आणखी काही विचारायला हवे. या पडद्यावर मुख्यतः चित्रे दिसणार की मजकूर, आणि मजकूर असेल तर तो देवनागरीत सुवाच्य राहील काय? तोच स्थिर मजकूर दिवसभर एका जागी राहिला तर त्याची छाया पटलावर कायमची उमटेल काय? एका खेपेत तयार झालेल्या एलईडींचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही. तर राखीव मॉड्यूल आरंभीच घेऊन ठेवली आहेत काय? पाच-सात वर्षांनी हे उत्पादन बंद झाल्यावर काय टिकवायचे आणि काय सोडून द्यायचे, याची नोंद आज कोणी लिहून ठेवली आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्वाचॉनमध्ये कलावंताच्या पश्चात हा वाद इतका लांबला, कारण संख्येला महत्त्व किती, नळीला किती आणि चित्राला किती, याचा एकच निर्विवाद लेख हाताशी नव्हता. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना कृतीचा अन्वयार्थ लावूनच तो घ्यावा लागला, आणि त्या अन्वयार्थासाठी भांडवल म्हणून सार्वजनिक पैसा व तीन वर्षांची मेहनत घालावी लागली. वापरलेल्या नळ्याही आता संपत चालल्या आहेत. आज उजळलेल्या ७३७ संचांपैकी एकेक विझू लागेल तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहील. त्या वेळी तंत्रज्ञासोबत पाठचिकित्सेची सवय असलेला वाचकही त्या टेबलाशी बसलेला असावा, एवढी अपेक्षा आपल्यासारख्यांनी करायला हरकत नाही.